काळ तपासला आहे

मला ती बाई आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला मोठ्या मनाची समजायला नको. तोंडावर मी तिला अहो-जाहो करते, पाठीमागे 'ती' म्हणते, आणि हे मी पाठीमागेच लिहितेय.

आमच्या प्रकाशनाची एक मालिका आहे. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींसाठी, जुन्या काळातल्या प्रेमकथा. घोडे, किल्ले, ताटातूट आणि शेवटच्या प्रकरणात भेट. अकरा वर्षांत मी त्यातल्या बावीस लिहिल्या. ती तळमजल्यावर बसते आणि काळ तपासते. म्हणजे कथा ज्या काळातली, त्या काळात नसलेली वस्तू किंवा रीत कुठे शिरली असेल तर ती शोधून तांबड्या पेन्सिलीने खोडते. मग शेवटच्या पानावर सही करते, आणि पुस्तकाच्या पाठीवर छापलं जातं : 'काळ तपासला आहे.' शाळांची वाचनालयं त्या तीन शब्दांवर डोळे मिटून पुस्तकं घेतात. ऑफिसात सगळे तिला खोडबाई म्हणतात. मला गोडबाई म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

आमचा छत्तीसचा आकडा पहिल्याच कादंबरीपासून. माझ्या नायिकेने काडी ओढून दिवा लावला, तिने काडेपेटी काढून घेतली. मी खिडकीच्या काचेवर नायिकेचं बोट टेकवलं, तिने काच काढली. बोट हवेत राहिलं. नायक सकाळी निघून संध्याकाळी प्रेयसीच्या गावी पोचला, तर समासात शेरा : 'घोडा वाटेत मेला असता.' मी दात-ओठ खात त्याला दोन दिवस प्रवास करायला लावला. तिचा आवडता शेरा मात्र एकच होता, 'असं होत नसे.' त्याखाली मला पुरावा द्यावा लागायचा. नसला तर वाक्य गेलं. अकरा वर्षं आम्ही समासातच भांडलो. समोरासमोर 'नमस्कार'च्या पुढे गाडी गेली नाही. हस्तलिखित वर-खाली जायचं, आमचं बोलणं त्याच्यासोबत जायचं.

तिच्याविषयी ऑफिसला माहीत होतं ते एवढंच. वय साठीला टेकलेलं. पस्तीस वर्षांपूर्वी मुद्रितं तपासायला लागली ती इथलीच होऊन गेली. एका शिंप्याच्या दुकानावर एका खोलीत राहते, एकटी. डावा गुडघा अधू. सुट्टीच्या दिवशी लोक नातेवाइकांकडे जातात, ही दफ्तरखान्यात जाऊन मेलेल्या माणसांची पत्रं वाचते. तिच्या टेबलामागे चौदा ड्रॉवर आहेत आणि त्यांत तिच्या बारीक अक्षरातली हजारो कार्डं : बटण कधी आलं, उशीत कापूस कधी भरू लागले, मुली स्वतःचं नाव सही म्हणून कधी लिहू लागल्या. डबा एकटी खाते. कुणाला वाढदिवस विचारत नाही, स्वतःचा सांगत नाही. मी एकदा मिठाई नेऊन दिली, तर म्हणाली, "ठेवा तिकडे." मीही त्यानंतर कधी तिच्या वाटेला गेले नाही.

बाविसाव्या कादंबरीत माझी नायिका, वय सतरा, सासरचा जाच असह्य होऊन माहेरी परत येते. दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. वडील दारात येतात, तिला जवळ घेतात. पुढे तिचा बालमित्र वगैरे, ते ओघाने आलंच. पान खालून परत आलं. समासात : 'असं होत नसे.'

माझं डोकं फिरलं. बापाने लेकीला घरात घेणं हीसुद्धा काडेपेटी आहे का? मी खाली लिहिलं, 'तुम्हाला काय माहीत? पुरावा तुम्ही द्या.'

नियम उलटा केल्याचा मला आनंद झाला होता, हेही कबूल करते. दोन दिवस पान आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं, तर मागची कोरी बाजू भरलेली होती. पेन्सिल तांबडी नव्हती, साधी होती.

'दुपार होती. बाप घरात होता, कारण वहाणा बाहेर होत्या. दार नुसतं लोटलेलं होतं. मुलीने हाक मारली, तेव्हा आतून कडी लागली. आत धाकटी बहीण पाढे म्हणत होती. ती थांबली. कुणीतरी "म्हण" म्हणालं, मग पुन्हा म्हणू लागली. आईने खिडकीतून पाण्याचा पेला दिला. पाणी पिऊन झालं, तेव्हा पेला परत मागितला.'

एवढंच. सन नाही, संदर्भ नाही, कुठल्या दफ्तरातलं ते नाही. एक वेलांटी चुकली तर कार्ड काढणारी बाई, आणि संदर्भ नाही! मला कळलं. कळलं नव्हतं असं म्हणण्याइतकी मी कोडगी नाही.

पण मी काय केलं ते ऐका. खाली जाऊन तिच्याशेजारी बसले नाही. एक चिठ्ठीही लिहिली नाही. मी ते आठ ओळींचं दुःख उचललं आणि जसंच्या तसं प्रकरणात घातलं, कारण ते माझ्या बावीस पुस्तकांतल्या कुठल्याही पानापेक्षा चांगलं होतं. आमच्या धंद्यात हा रोगच आहे. समोरचा माणूस रडला तरी आम्ही वाक्य बघतो. आणि वर शेवटी माझ्या पदरची एक ओळ जोडली : आईच्या हातून पेला पडला, तिने धावत येऊन कडी काढली, दार उघडलं.

मुद्रित तपासणीला खाली गेलं. आपलेच शब्द छापील अक्षरांत वाचताना तिला काय वाटलं, हे मला ठाऊक नाही. तिने त्या आठ ओळींना हात लावला नाही. फक्त माझी ओळ खोडली. पेन्सिल कागदातून पलीकडे गेली होती.

मी मालकांकडे गेले. मालक म्हणजे कुणाचं मन न मोडता स्वतःचं तेवढं करणारा गृहस्थ. त्यांनी पान वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "राहू द्या हो. वाचणारी चौदा वर्षांची पोरगी. रडत रडत पुस्तक मिटलं तर दुसरं हातात घेईल का?"

"बाई सही करणार नाहीत," मी म्हणाले.

"पाठीवर शब्द छापायचे असतात, सही नाही."

तिने सही केली नाही. शब्द छापले गेले. मी जिंकले, आणि घरी जाताना जिन्यातून तळमजल्याकडे न बघता उतरले.

पुस्तक धो धो खपलं. मुलींची पत्रं येऊ लागली. कौतुकाची वर माझ्याकडे, काळाविषयी शंका असलेली खाली तिच्याकडे, अशी वाटणी पूर्वीपासूनची. चारेक महिन्यांनी एका सकाळी जिन्यावर एक-एक पायरी थांबत कुणीतरी येतंय असं ऐकू आलं. पस्तीस वर्षांत ती वर आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ती माझ्या टेबलाशी आली, धापा टाकत उभी राहिली आणि वहीचं फाडलेलं पान समोर ठेवलं.

मुलीचं अक्षर होतं, गोल गोल. लिहिलं होतं : 'मी आठवीत आहे. तुमचं पुस्तक तीनदा वाचलं. माझ्या ताईचं लग्न झालंय, तिला तिकडे फार मारतात. ती म्हणते, परत आले तर बाबा घरात घेणार नाहीत. मी तिला दाराचं प्रकरण लिहून पाठवलं. त्या काळी सुद्धा दार उघडायचे, तर आता उघडतीलच ना? मागे काळ तपासला आहे असं छापलंय, म्हणून विचारते. लवकर कळवा. ती येणार आहे.'

मी घाबरले. पण तिच्यापुढे ते दिसू देणं माझ्या जिवावर आलं. मी म्हणाले, "काळाच्या पत्रांची उत्तरं तुम्ही देता."

"हा प्रश्न काळाचा नाही. दार तुम्ही उघडलंत, उत्तर तुम्ही द्या."

मी कागद ओढला आणि लिहिलं : आईचं काळीज शेवटी आईचंच असतं, धीर धरा, चांगल्या माणसांचं चांगलंच होतं. तिने उभ्या उभ्या वाचलं.

"आईचं काळीज काढा," ती म्हणाली. "ह्या भरवशावर ती पोरगी बॅग भरेल."

"मग काय लिहू? येऊ नको, मार खात राहा?"

"यायला हवं. लगेच यायला हवं. पण दाराचा भरवसा धरून नाही." तिने माझ्याच टेबलावरचं पेन घेतलं, माझ्या चार गोड ओळींवर काट मारली आणि खाली स्वतःचा पत्ता लिहिला. शिंप्याचं दुकान, जिना उजवीकडे, पहिला मजला. मग दोन ओळी : 'आधी घरी जा. दार उघडलं नाही तर तिथे उभी राहू नकोस, इथे ये.'

"आणि उद्या खरंच आली तर?"

"येऊ दे."

"तुमची एकच खोली आहे."

"तुम्ही मोजायला येऊ नका."

ती वळली. का कुणास ठाऊक, मला राहवलं नाही. मी विचारलं, "त्या दिवशी... पेला परत दिल्यावर ती मुलगी कुठे गेली?"

ती जिन्याच्या कठड्याला धरून थांबली. "तेही छापायचंय?" म्हणाली, आणि उतरून गेली.

त्याच दिवशी मी मालकांकडे गेले. म्हटलं, पुढच्या आवृत्तीत ती ओळ काढा, निदान पाठीवरचे तीन शब्द तरी काढा. मालकांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. "तुम्हीच भांडून ठेवलीत ना ती ओळ?" ते म्हणाले. "आता मुलींना तीच आवडते. सगळ्या तिच्यासाठीच पुस्तक घेतायत." चहा गार होईपर्यंत मी बोलत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ओळ राहिली, शब्दही राहिले.

ती ताई बाईंकडे आली. आधी घरी गेली होती. बापाने दार उघडलं नाही. हे मला खोडबाईने सांगितलं नाही, ती कशाला सांगेल? शिंप्याकडे ब्लाउज टाकणाऱ्या आमच्या हिशेबनीस बाईंनी सांगितलं. बाईंकडे कोणी मुलगी राहते, डोळ्याखाली काळं-निळं, वरून शिलाई मशीनचा आवाज येतो. ऑफिसात चर्चा झाली. पस्तीस वर्षं एकटी राहिली, आता म्हातारपणी हे काय लचांड, असं एक जण म्हणाला. मला बोलण्याचा हक्क होता तो मी त्या दिवशीच, तिचं पान वाचून वर बसून राहिले तेव्हाच, घालवला होता.

मग खोडबाई तीन दिवस कामावर आली नाही. तापाने पडलीय असं कळलं. तिच्या टेबलावर पत्रं साठली होती. मी चाळली, तर त्यांत तशीच आणखी दोन होती. एकीची मामेबहीण, एकीची स्वतःची आई. दोघींनी तेच विचारलं होतं.

ती पत्रं मी पिशवीत घातली आणि निघाले. पत्रं दुसऱ्या कुणाच्या हातून पाठवता आली असती. मला माफी मागायची होती. अकरा वर्षांत मी बावीस नायकांकडून माफी मागवली, गुडघ्यावर बसवून, अश्रू ढाळवून; माझ्या स्वतःच्या तोंडून ती निघते का, ते मला पाहायचं होतं. वाटेत वाक्यं जुळवली. सगळी छान होती, म्हणून सगळी टाकून दिली.

जिना उजवीकडे. पहिला मजला. मी दार वाजवलं. मशीनचा आवाज थांबला. तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी दारात आली, गळ्यात मोजपट्टी. एका डोळ्याखाली अजून पिवळट डाग होता. मी ऑफिसातून आलेय म्हणाले, माझं नाव सांगितलं. ती आत गेली. आतून कण्हल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, मग खोडबाईचा आवाज, तापातही खणखणीत : "काय काम आहे ते तिथूनच सांगू दे."

मुलगी परत आली. तिला तो निरोप मला सांगायची लाज वाटत होती. मी म्हणाले, "ऐकलं मी." खाली शिंपी कात्री थांबवून वर बघत होता. "त्यांना सांग, मी माफी मागायला आलेय. त्या आठ ओळी माझ्या नव्हत्या. घ्यायला नको होत्या. आणि पुढची ओळ तर..."

ती आत गेली. मग बाहेर आली.

"बाई म्हणतात, ऐकलं. आणि पत्रं असतील तर द्या."

मी दोन्ही पत्रं दिली. तिने वरच्या पत्रावरचं, तिच्या बहिणीसारखंच गोल अक्षर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"दाराचं प्रकरण आहे ते पुस्तक... ते तुम्हीच लिहिलंत का?"

"हो."

"माझ्या धाकट्या बहिणीला फार आवडतं," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.