मांडीवरची शाल

कानडी मुलखातल्या आमच्या मराठी समाजात माझ्या धाकट्या भावाची एक गोष्ट अजून सांगतात. त्याचा सत्कार होता. अध्यक्षांनी शाल घातली, त्याने ती फेकून दिली आणि भर सभेत त्यांना कानडीत शिवी हासडली. ‘अपघातानंतर डोक्यावर परिणाम झाला होता बिचाऱ्याच्या,’ असं शेवटी हळहळून जोडतात.

हे शेवटचं वाक्य माझं. हॉलच्या दाराशी उभं राहून जेवायला निघालेल्या प्रत्येकाला मीच ते सांगितलं होतं. त्याचं डोकं तेव्हाही माझ्यापेक्षा बरं होतं.

चिकपेटेच्या कापडबाजारातल्या आमच्या दुकानात माळ्यावरून गठ्ठा काढताना तो पडला. पाठीच्या कण्याला मार बसला आणि पाय गेले. पाय गेले म्हणजे त्यांचं दुखणंही गेलं, अशी माझी समजूत. पण तो म्हणायचा, "अण्णा, मांड्या पेटल्यात. पांघरूण काढ."

कापडाच्या ताग्याचं एक टोक बोटांत चोळलं की अख्खा तागा कळतो, हे मला वडिलांनी शिकवलेलं. म्हणून एकदा तो पेपर वाचत असताना मी त्याच्या पायाच्या अंगठ्याला हळूच टाचणी टोचली. त्याने शांतपणे पान उलटलं. झालं, माल तपासून झाला.

"ज्याला टाचणी कळत नाही, त्याला चादर कशी भाजते रे?" मी विचारलं.

"मलाही तेच कळत नाही," तो म्हणाला. "पण भाजते."

तरी मी कर्तव्यात कसूर केली नाही. चादर काढून मलमल आणली. मलमल नको म्हणाला, तेव्हा दुकानातलं सगळ्यात तलम रेशीम आणून मांड्यांवर पसरलं. त्याच्या कपाळावर घाम फुटला, दात आवळले गेले. मला राग आला तो रेशमाच्या अपमानाचा.

"यापेक्षा मऊ अख्ख्या चिकपेटेत मिळायचं नाही!"

"मग चिकपेटेला सांग, स्वल्प लांब राहा म्हणावं."

घरात तो लुंगी मांड्यांवर दुमडून बसे. पाहुणे आले की मी ती खाली ओढत असे. लोक काय म्हणतील?

मग त्याच्या जिद्दीबद्दल समाजाने सत्कार ठरवला. तो म्हणाला, "येतो. पण शाल खांद्यावरच. मांड्यांना कुणी हात लावायचा नाही, एवढं अध्यक्षांना सांगून ठेव."

"सरी, सांगतो," मी म्हणालो, आणि सांगितलं नाही. जिद्दीचा सत्कार, आणि जिद्दी माणूस शालीला घाबरतो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

अध्यक्षांनी शाल खांद्यावरच घातली होती. पण चाकाच्या खुर्चीत लुंगी वर सरकली होती आणि फोटोत गुडघे आले असते. पहिल्या रांगेतून मी त्यांना हाताने खूण केली: झाका. अध्यक्ष सज्जन. त्यांनी शाल काढून मांड्यांवर नीट पसरली आणि वर कौतुकाने दोनदा थोपटलंही. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

नंतर एका डॉक्टरांनी समजावलं. इजा झालेल्या नसा मेंदूला भलतेच निरोप धाडतात. एके ठिकाणी बधिरपणा आणि हातभर अंतरावर नुसत्या स्पर्शाने आग, असं होऊ शकतं. दुखणं मात्र खरं असतं. मला ते लगेच पटलं. भाऊ इतकी वर्षं हेच सांगत होता, पण त्याच्याकडे फक्त मांड्या होत्या, डिग्री नव्हती. गोळ्यांनी आग थोडी निवली. गेली नाही.

परवा एका लग्नात कुणीतरी विचारलं, "आता डोकं कसं आहे हो त्याचं?" मी सगळं सांगून टाकलं. गृहस्थ गंभीर झाले. म्हणाले, "तरी अध्यक्षांना शिवी द्यायला नको होती."

घरी येऊन भावाला हे सांगितलं. लुंगी दुमडून तो खिडकीपाशी बसला होता.

"अध्यक्षांना कशाला देईन?" तो म्हणाला. "मी पहिल्या रांगेकडे बघत होतो."