बॅलीब्रॉफीची संथ गाडी आणि आमच्या दोन जास्तीच्या सीट

जून २०२१. जिल्ह्याबाहेर फिरायला मोकळीक मिळाली आणि मी मंदारला म्हटलं, "या ॲडम्सटाउनच्या चार भिंतींचा वीट आलाय, कुठेतरी चल." नवऱ्याला जुन्या आयरिश रेल्वेचं भारी वेड. ठरली बॅलीब्रॉफी-लिमरिक शाखा. दीडशे वर्षांहून जुनी एकेरी लाइन, दिवसाला जेमतेम दोन गाड्या, आणि वेग असा की घाई असेल तर हिच्या वाटेला जाऊच नका.

तेव्हा मोजक्याच सीटचं बुकिंग मिळायचं. मी दोघांसाठी चार घेतल्या. समोरच्या दोन पुण्यात बसलेल्या आईबाबांच्या नावावर. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या घरातली मी. समोर कुणी खोकायला नको म्हणून चक्क माणसंच टाकली. मंदार म्हणाला, "अगं, कुणाची तरी जागा जाईल." मी म्हटलं, "रिकामीच जाते ती गाडी." वर स्वतःच्या हुशारीवर खूशही झाले.

लांबच्या गाड्या ॲडम्सटाउनला थांबत नाहीत, म्हणून आधी उलटं शहरातल्या ह्यूस्टन स्टेशनला जायचं. तिथून तासाभरात बॅलीब्रॉफी, मग पलीकडच्या फलाटावरची छोटी गाडी. खायला काही मिळत नाही. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. रॉसक्रेनंतर नुसती कुरणं, गाई आणि दगडी स्टेशनं.

क्लॉजॉर्डनला सत्तरीच्या एक बाई चढल्या, नोरा. पलीकडच्या रांगेत बसल्या. लिमरिकच्या नर्सिंग होममध्ये बहीण आहे, वर्षाने भेट मिळतेय, असं त्यांनीच सांगितलं. "ती आता मला ओळखत नाही. भावाला, मायकलला, तेवढी ओळखते. पण एकच सीट शिल्लक होती. ग्रँड, चालायचंच, तो पुढच्या वेळी येईल." मग आमच्या समोरच्या, नावं लावलेल्या दोन रिकाम्या सीट बघून विचारलं, "तुमच्या माणसांची गाडी चुकली का?"

तेव्हा खरं बोलता आलं असतं. मी म्हणाले, "आईबाबा येणार होते. बरं नाही त्यांना."

लिमरिकमध्ये साडेचार तास मिळतात. नदीकाठचा किल्ला आणि एक टोस्टी सँडविच, एवढं आरामात होतं. माझं लक्ष कशातच नव्हतं.

परतीची गाडी एकच, त्यामुळे नोराही त्याच डब्यात. मी विचारलं, "ओळखलं का?"

"नाही. मला नर्सच समजली. सारखी विचारत होती, मायकल कुठे आहे." नोरांनी मास्क सारखा केला. "येताना चर्चमध्ये गेले होते. तुझ्या आईबाबांसाठी मेणबत्ती लावली."

मी "थँक्यू" म्हणाले.

या लाइनने जरूर जा, सीट मात्र आपल्यापुरत्याच घ्या. घरी आल्यावर आईला फोनवर सगळं सांगितलं. आईने एवढंच विचारलं, "मग तिला खरं सांगितलंस ना?"

नाही सांगितलं. लाज वाटली म्हणून नाही सांगितलं, आणि आता त्याचीच जास्त लाज वाटते.