ताटाची डावी बाजू

ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या कौमुदीबाईंनी वाढलेलं ताट म्हणजे बघत राहावं. मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे. जेवणाऱ्याला काही मागावं लागलं तर वाढणारीची लाज गेली, असं आईनं शिकवलेलं. नवऱ्याला, श्यामकांतरावांना, लकवा मारला आणि हे शिकलेलंच बाईंच्या मुळावर आलं.

डावा हातपाय तर लुळा पडलाच, पण डावीकडचं जगच त्यांच्यापुरतं नाहीसं झालं. डोळे धड होते, पण डावीकडे काही आहे हे मेंदूच धरत नव्हता. दवाखान्यात ते अर्धं ताट जेवायचे अन् उरलेलं समोर असून उपाशी राहायचे.

फिजिओथेरपीवाली दीपमाला मोठी भली पोट्टी. रोज दुपारी पेशंटच्या घरच्यांना एकत्र बसवायची. आधी विचारायची, तुम्ही जेवलात का, झोपलात का. कौमुदीबाई दर वेळी श्यामकांतरावांच्याच झोपेचं सांगायच्या. मग ती आपल्या हिंदीत बजावायची, की डावीकडे बसा, तिकडूनच बोला, ताट फिरवून देऊ नका, त्यांनाच शोधू द्या. आयतं मिळालं तर मेंदू काहून शिकेल? सोमवारी डॉक्टर बघणार होते. सुधारणा दिसली तर दवाखान्यातली खाट राहणार, नाही तर घरी. अन् घरी दुसरं होतं कोण?

बाई मान डोलवायच्या. पण जेवताना नवरा लहान पोरासारखं तोंड करून म्हणायचा, आज चटणी नाही वाढली? उभ्या संसारात असं ऐकायची वेळ आली नव्हती. जीव तुटायचा हो! एवढ्यानं काय होते, म्हणून बाई हळूच ताट फिरवायच्या. रोज.

सोमवारी डॉक्टरांसमोर ताट मांडलं. उजवीकडचा भात संपला. दीपमाला डावीकडून हाका मारत होती, पण श्यामकांतरावांची मान तसूभर हलली नाही. ते हात आवरून बसून राहिले. मग म्हणाले, "फिरव ना."

दीपमालानं बाईंकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, जेवणाच्या वेळी मीच तुमच्याजवळ बसायला हवं होतं, हे एकट्या माणसाचं काम नाही. घरी प्रयत्न सोडू नका, म्हणाली. खाट मात्र गेली.

घरी पहिल्याच जेवणाला कौमुदीबाई डावीकडे बसल्या. आपला हात ताट फिरवायला जाऊ नये म्हणून त्यांनी नवऱ्याचा लुळा हातच दोन्ही हातांत घट्ट धरला. अर्धं जेवून श्यामकांतराव थांबले.

"कौमुदी, कुठं गेली तू?"

"इथंच तं बसून राहिली मी. इकडं पाहा न."

आवाज ऐकून त्यांनी उजवीकडे पाहिलं. तिथं रिकामी खुर्ची होती. मग दाराकडे पाहिलं.

"मले सोडून गेली," ते म्हणाले.

त्यांचा हात बाईंच्या हातातच होता.