मगदूमचं राहिलेलं अपील

दुपारचं जेवण जरा जास्तच झालंय. सोप्यातल्या कॉटवर पडलोय, डोक्यावर पंखा कुरकुरतोय, पद्मा आत भांडी घासतेय. भांड्यांचा आवाज लांब लांब जातो. मग लक्षात येतं, की माझ्या पायांना पॅड बांधलेत आणि मी स्टंपांमागं ओणवा बसलोय.

समोरून तातोबा मगदूम येतो, विजारीला चेंडू घासत. त्याला जाऊन चार महिने झाले. खांदा मीच दिला होता. मी धडपडत उठतो.

"घाबरतोस काय मर्दा? बस खाली," तो म्हणतो.

आम्ही दोघं सूतगिरणीच्या टीमचे. नोकरी कागदावर सुताची, पगार क्रिकेटचा. डावखुरा मगदूम नऊ वर्षं गोलंदाजी करत होता आणि मी यष्टीमागं धरत होतो. गिरण्यांच्या स्पर्धांत त्याला खेळताना भल्याभल्यांची भंबेरी उडायची. पण रणजीला घेतला एकदाच. एक सामना, यष्टीमागं मीच, एकतीस षटकं, बळी शून्य. पेपरात निधनाची बातमी आली ती तीन ओळींची, तीही वय चुकवून.

मान वर करतो तर मैदान नाहीच. गिरणीत सूत कातायच्या यंत्रांच्या दोन रांगांमध्ये खेळपट्टी आहे. कापूस हवेत तरंगतोय. यंत्रं फिरतायत, पण आवाज कशालाच नाही.

मगदूम धावत येतो. तोच चेंडू, एकतिसाव्या षटकाचा शेवटचा, टप्पा पडून बाहेर निघणारा. फलंदाजाची बॅट पुढं येते. टक्. बारीक, पण स्वच्छ. चेंडू माझ्या ग्लोव्हजमध्ये.

मगदूम दोन्ही हात अर्धे उचलून माझ्याकडं बघतो.

आमच्यात तसं ठरलेलंच होतं. बॅटची कट लागली का ते मी सांगायचं, मी ओरडलो तरच तो ओरडणार. रणजीच्या त्या सामन्यातही तो असाच बघत राहिला होता, आणि मी चेंडू मुकाट्यानं स्लिपकडं टाकला होता. सकाळी दोनदा उगाच अपील केलं म्हणून पंचानं मला झापलेलं. कॅप्टन म्हणालेला, आता तोंड उघडलंस तर पुढच्या सामन्याला घरी बस. तो फलंदाज तेव्हा नऊवर होता, गेला दीडशे करून. मी पुढं रणजीचे अकरा सामने खेळलो.

"लागली हुती का रं?" मगदूम विचारतो. चाळीस वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं.

"लागली होती. ऐकली मी. माझी जागा जाईल म्हणून गप्प बसलो."

त्याचा चेहरा खर्रकन उतरतो. मी हादरतो. मला वाटायचं, याला सगळं ठाऊक आहे आणि यानं मला कधीच माफ केलंय.

"तुला माहीत नव्हतं?"

"कुठलं माहीत? मी गावभर सांगत फिरलो, शिरपालला डाव्या कानानं कमी ऐकू येतंय, त्येला कुणी बोल लावू नका."

त्याच्या घरी सगळे माझ्याशी मोठ्यानं बोलायचे. मला वाटायचं, घराण्याचीच सवय. मयताच्या दिवशी त्याची बायकोसुद्धा माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाली होती, "गेले हो, श्रीपालभाऊ!"

आता आम्ही गिरणीच्या गेटबाहेर बाकावर बसलोय. हातात चहाचे ग्लास. माझ्या मांडीवर चेंडू.

"पुढचा चेंडू पडेस्तोवर अपील चालतंय," मगदूम म्हणतो. "नियमच हाय."

"पुढचा दुसऱ्यानं टाकला की."

"त्यो त्येचा. मला कुणी दिलाच न्हाई पुढचा." तो माझ्या हातातला ग्लास काढून घेतो. "ओरड."

मी छाती भरून घेतो आणि जिवाच्या आकांतानं ओरडतो. लांब उभा असलेला पांढऱ्या कोटातला पंच आमच्याकडं वळतो. त्याचा हात...

पंखा कुरकुरतोय. दारात पद्मा ओल्या हातांनी उभी, चेहरा पांढराफटक. समोरच्या घरातले लोक खिडकीत आलेत.

"अहो, काय हे! केवढ्यानं ओरडलात!"

ती कॉटला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येते. लग्नापासून ती नेहमी याच बाजूला येते. मी कधी विचारलंच नव्हतं का. ती वाकते आणि उजव्या कानाशी मोठ्यानं म्हणते, "बरं वाटतंय ना?"

म्हणजे हिलाही त्यानं सांगून ठेवलं होतं.

"मला ऐकू येतं, पद्मा," मी म्हणतो. "दोन्ही कानांनी. त्या दिवशीही आलं होतं."

पण घसा पार बसलाय. नुसते ओठ हलतात. पद्मा कपाळाला आठ्या घालून बघत राहते, तिला एक अक्षर ऐकू जात नाही.