नळीतली लोकर

नळी खिडकीच्या उजेडाकडे धरायची, एक डोळा बारीक करायचा आणि शांतपणे विचारायचं, "आपण कुठे घाई केलीत?" ज्येष्ठ तंत्रज्ञ असलेल्या बाईंचा हा प्रश्न आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येकानं ऐकला होता. यंत्रात गरगर फिरवल्यावर रक्ताच्या वर पिवळसर द्रव राहायला हवा. तो गुलाबी दिसला की समजायचं, कुणीतरी धसमुसळेपणा केला आणि तांबड्या पेशी फुटल्या. थापा मारायला वावच नसायचा.

मी यवतमाळहून एम.एस्सी.साठी आले आणि पुण्यातच राहिले. खोलीवरच्या मैत्रिणी सकाळी कंपनीच्या बसनं हिंजवडीला जायच्या आणि मला रक्तपिपासू म्हणायच्या. आमच्याकडे नवजात बाळांच्या टाचेतून घेतलेलं रक्त यायचं, जेमतेम दोन-तीन थेंब. त्यातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करून ते एका परदेशी यंत्रात सोडायचे. यंत्र तुकड्यांचं वजन करून कोणतं प्रथिन आहे ते सांगायचं. मला त्याची भारी गंमत वाटायची.

बाई पेठेत वाढलेल्या, लग्नानंतर धायरीला गेलेल्या. बोलणं मोजकं, पण लागेल असं. एकदा मी नळ्यांशेजारी शिंकले. बाई म्हणाल्या, "अभिनंदन. आता यंत्र तुमच्याविषयीही बरंच सांगेल." तुम्हालाही अशी माणसं भेटली असतील, त्यांचा राग येतो आणि त्यांच्याशिवाय करमतही नाही.

एका हिवाळ्यात एका बाळाचा निकाल भलताच आला. बाळाची प्रथिनं बाजूलाच, सगळीकडे केसांतलं प्रथिन, आणि तेही मेंढीचं. आम्ही हसून हसून बेजार झालो. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनीही विचारलं, मेंढी कुणी आणली म्हणून. बाई मात्र हसल्या नाहीत. एसीच्या गारठ्यामुळे त्या ॲप्रनच्या आत स्वतः विणलेला स्वेटर घालायच्या. ॲप्रनच्या बाहेर डोकावणारी लोकरीची बाही त्यांनी एकदा निरखून पाहिली आणि म्हणाल्या, "मी आणली."

रक्त संपलं होतं. बाळ तोवर लोणी काळभोरला घरी गेलं होतं. सरांनी दुसऱ्यांदा रक्त मागायला बाईंनाच पाठवलं, सोबत मला. बाळ आईच्या मांडीवर होतं. बसायच्या आधीच बाईंनी सांगून टाकलं, की तुम्ही दिलेलं रक्त माझ्या चुकीनं वाया गेलं, पुन्हा द्याल का. आईनं बाळाचं पाऊल पदरात झाकून घेतलं.

"परत टोचायचं व्हय? न्हाई बाई. लई रडलं हुतं त्ये."

संशोधनाचं महत्त्व, इतर बाळांचं भलं, असं मी सुरू केलंच होतं. बाई उठल्या आणि म्हणाल्या, चला, बस चुकेल. बसमध्ये मी धुसफुसत होते. निदान आणखी एकदा तरी विचारायचं होतं, असं म्हणाले.

"विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "तिनं उत्तर दिलं."

पुढे सरांनी लिहिलेला अहवालाचा मसुदा आला. त्या बाळापुढे लिहिलं होतं, 'पालकांच्या नकारामुळे नमुना उपलब्ध नाही.' बाईंनी ते खोडून समासात लिहिलं, 'आईनं नमुना दिला होता. आमच्या हातून खराब झाला.' सर म्हणाले, असं लिहिलं तर संस्थेचं नाव जाईल.

"मग त्या आईचं का घालवायचं?" बाईंनी विचारलं.

सरांनी मसुदा उचलून खणात टाकला. मी तिथेच उभी होते, बाईंचं बरोबर आहे हे मला कळत होतं, आणि तरी मी काही बोलले नाही. त्याची अजून लाज वाटते.

अहवाल छापून आला तेव्हा बाई निवृत्त झाल्या होत्या. त्या बाळापुढे सरांचंच वाक्य होतं. एक प्रत घेऊन मी धायरीला गेले, तर दाराला कुलूप. बाई मुलीकडे गेल्यात, कधी येतील माहीत नाही, असं शेजारीण म्हणाली. मी पायरीवर बसले, ते पान काढलं, छापलेलं वाक्य पेनानं खोडलं आणि वर बाईंचं लिहिलं. त्याखाली माझी सही केली आणि प्रत दाराखालून आत सरकवली.