हळू जेवणारा मासा

आमच्या सौंसरात संत्र्याच्या बागा हव्या तेवढ्या, समुद्र मात्र कोणाच्या बापानं पाहिला नाही. तरी माझ्या बैठकीत खाऱ्या पाण्याची काचपेटी आहे, पोवळ्यांसगट! लेक नागपूरले नोकरीत होती तेव्हा तिनं ती मांडली. मंग तिची बदली बंगळुरूले झाली. जाताना म्हणाली, "आई, बाकीचे मासे काहीही खातील, याच्याकडे तेवढं पाहा." हा म्हणजे मँडरीन मासा. निळं अंग, त्यावर केशरी वळणं, अन् नखरे नवरदेवाचे.

गोठवलेली बारकी कोळंबी ड्रॉपरनं पाण्यात सोडली की बाकीचे मासे तुटून पडत. हा बाप्पा एकाच तुकड्याकडे पाहून राहिला, तोवर सगळं साफ! त्याचं पोट खपाटीले गेलं. रोज संध्याकाळी लेकीचा फोन, "जेवला का तो?" आई जेवली का, हे कोणी विचारावं! राग यायचा मले. पण हा मेला तर रोजचा फोनही बंद होईल, ही धाकधूक त्याहून मोठी होती.

लोधीखेड्याले माझ्या माहेरी एक म्हातारा बैल होता. बाबा दांडग्या बैलांले आधी पलीकडच्या गव्हाणीत सरकीची ढेप टाकत, मंग याच्यापुढं गुपचूप ठेवत. मी तसंच केलं. बाकीच्यांले एका कोपऱ्यात गुंतवलं, घास वाहून जाऊ नये म्हणून पाण्याचा पंप बंद केला अन् दुसरीकडे खडकाआड अरुंद तोंडाची बाटली आडवी ठेवली, आत याचा घास. तिसऱ्या दिवशी गडी आत शिरला. एक टिपला. थांबला. मंग दुसरा. मी स्टुलावर बसून म्हणून राहिली होती, "खा रे बाप्पा, घाई नाही." अर्धा तास लागला त्याले.

लेक व्हिडिओवर पाहून राहिली होती. हसत हसतच म्हणाली, "आई, माझ्यासाठी नाही थांबली तू कधी अशी."

खरंच होतं. लहानपणी ती एका पोळीले पाऊण तास लावे. मी शाळेत शिकवाले जायची, माझी बस सुटायची. "गिळ लवकर, नाही तर ताट उचलते!" अन् उचलायचीही. फोन ठेवल्यावर मी रडली, खोटं कशाले सांगू.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळतात अन् म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." यंदा मी फोनवर लेकीलेच आवतन दिलं. हसली ती. अन् आली बरं का! नागपूरपर्यंत विमानानं, पुढं बसनं.

पुरणपोळी, कढी, वडे, सगळं वाढलं अन् तिच्यासमोर बसली. ठरवलंच होतं, आज कितीही वेळ लागो, उठायचं नाही. पाच मिनिटांत ताट रिकामं!

"अवं, हळू खा न वो बाई!"

"ऑफिसात दहा मिनिटंच भेटते आई, सवय झाली."

अजून एक पोळी घे म्हटलं, तर नको म्हणाली. परतीची बस चारची होती. हात धुऊन काचपेटीपाशी गेली, "याचं जेवण पाहते अन् निघते." मी बाटलीत कोळंबी सोडली. तो आला, एक तुकडा टिपला अन् थांबला. लेक वाकून पाहून राहिली होती, तिचा खांदा माझ्या खांद्याले लागला होता.

मी मनातल्या मनात म्हटलं, आज अजून हळू खा रे बाप्पा.