त्या बाजूचं माणूस

आमच्या घरमालकीण आजी माझा फोन हातात घेत, डोळ्यांजवळ नेत, मग उलटा करून त्याची पाठ बघत आणि विचारत, "मास्तर, त्या बाजूला कोन बसलाय?"

मी मास्तर नाही. एका गोदामाच्या ऑफिसात कामाला आहे. पण चष्मा लावतो आणि कागदपत्रं वाचतो, एवढ्यावर तळवलीतल्या त्या घरात मला ही पदवी मिळाली होती. आजींची शेती नव्या शहरासाठी गेली, उरलेल्या जागेवर चार मजली चाळवजा इमारत आली. वरच्या मजल्यांवर आम्ही भाडेकरू, खाली आजी, आजोबा आणि त्यांच्या सूनबाई. मी फोनवर कुठलंही सरकारी काम काढलं, की आजी शेजारी येऊन बसायच्या. त्यांचं काम असो वा नसो.

चेहरा दाखवून ओळख पटवायची असली, तर आधी पदर नीट करायच्या, मग कॅमेऱ्याला हात जोडायच्या. मी म्हणायचो, "आजी, तिथे कुणी नाही. मशीन आहे."

"मशीन ठेवली कोनी? तो जेवायला घरी जातो का नाय?"

आता तुम्हीच सांगा, याला काय उत्तर देणार? मला हसू यायचं, आणि नंतर तोच प्रश्न दिवसभर डोक्यात घोळत राहायचा.

एकदा गल्लीतला दिवा गेला. आजोबांची नजर आधीच अधू. संध्याकाळी ओट्यावर बसायचं आणि तिथून मारुतीच्या देवळात भजनाला जायचं, एवढंच त्यांचं जग. अंधारात गटाराच्या कडेला पाय अडकून ते पडले. हाड वाचलं, पण हिंमत गेली. ओटा सुटला, भजन सुटलं. आजी मला म्हणाल्या, "घरात कोंडलेला मानूस सुकतो रं. दिवा लाव त्या फोनातून."

तक्रारींचं सरकारी ॲप उघडलं. त्यात लाल चांदणीची एक चौकट: सेक्टर. ती भरल्याशिवाय गाडी पुढे हलत नाही. आता आमचं गाव नव्या शहराच्या आधीचं, त्याला सेक्टर कुठून असणार? पण गावाने यावर उपाय शोधलेला होता. शेजारणीकडून विरजण आणावं तसा रस्त्यापलीकडचा सेक्टर सगळ्यांनी उसना घेतलेला. गॅसवाला, कुरिअरवाला, सगळे त्याच नंबरावर सरावलेले. मीही तोच भरला.

थोड्याच दिवसांत निरोप आला: तक्रार निकाली. सोबत लखलखीत दिव्याचा फोटो. गल्लीत मात्र काळोख.

मी चिडलो. आजी फोटो निरखत बसल्या. "खांब चांगला हाय. पन आपला नाय. कुठं हाय यो?"

त्यांनी मला रिक्षा करायला लावली. पलीकडच्या सेक्टरात हिंडून हिंडून तो खांब शोधला. त्यांनी वर बघितलं, खांबाला हात लावला. "तो इथं आला व्हता बग. आपन बोलावलं तिथं आला. त्याची काय चूक?"

घरी आल्यावर दुसरी तक्रार त्यांनी स्वतः सांगितली आणि मी एक अक्षर न बदलता लिहिली. "नंबर उसना हाय. गाव खरा हाय. मारुतीच्या देवळामागची गल्ली. माझा म्हातारा पडतो, म्हनून दिवा पायजे. तुज्या घरी पन कोनी म्हातारं असंल."

या वेळी शिडी घेऊन वायरमन खरंच आमच्या दारात आला. दिवा लागला. आजींनी त्याला चहा दिला आणि विचारलं, "फोनात तूच बसतोस का?"

"नाय आजी, आपण फक्त खांबावर चढतो," तो म्हणाला.

आजोबा पुन्हा ओट्यावर बसू लागले. मग ॲपने अभिप्राय मागितला. मी पाच तारे दिले, पण आजींचं तेवढ्यावर भागेना. त्यांनी खाली लिहायला लावलं: "दिवा लागला. म्हातारा भजनाला जातो. चैत्रात गावदेवीची जत्रा हाय. वडे-मटन खायाला ये."

उत्तर आलं: आपला अभिप्राय नोंदवला आहे. कृपया या संदेशाला उत्तर देऊ नये.

"म्हंजे येतो का नाय?" आजींनी विचारलं. जत्रेच्या दिवशी त्यांनी एक ताट झाकून ठेवलं होतं. सूनबाई हसल्या, मीही हसलो. संध्याकाळी ते ताट मलाच खावं लागलं.

त्या पावसाळ्यात आजी गेल्या. ताप आला, दवाखान्यात नेलं, परत आल्या नाहीत. त्यांच्यानंतर माझ्या फोनची पाठ कुणी बघितली नाही. मला फार चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

पुढच्या जत्रेला ओट्यावर आजोबा होते, शेजारी मी. दिवे नुकतेच लागले होते. देवळाकडून एक बाई विचारत विचारत आली. खांद्याला ऑफिसची पर्स, हातात पेढ्यांचा पुडा. "इथे एक आजी राहतात ना? दिव्याची तक्रार केलेल्या?"

मी उभाच राहिलो. ती अवघडून म्हणाली, "तक्रारी वाचून पुढे पाठवायचं काम माझ्याकडे असतं. त्यांनी जत्रेला बोलावलं होतं. उत्तर लिहायला आमच्याकडे जागाच नसते हो. आणि मागच्या वर्षी यायचा धीर झाला नाही. असं कुणाच्या घरी कसं जायचं?"

आजोबांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"ती गेली," ते म्हणाले. "तिकडं बसतेस ती तूच का?"

"हो."

आजोबा थोडे सरकले. आजी बसायच्या ती जागा त्यांनी हाताने पुसली.

"मग आता इकडं बस," ते म्हणाले, आणि आत आवाज दिला, "सूनबाय, ताट वाढ गो. ती आली."